साडेतीनशे वर्षं उभं जहाज

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर झुंबरराव पगारे घराचं नियंत्रण करू लागले. कुकरची तिसरी शिट्टी झाली की घड्याळ बघत स्वयंपाकघराच्या दारात उभे. दूधवाला चार मिनिटं लेट, भाजीवाली नऊ. लताबाईंनी पोळी तव्यावर टाकली की हे विचारणार, "ही किती वाजता सुटणार?"

हार्मोनियम आठ दिवस टिकली, बोन्साय अकरा. शेवटी तेजस्विनीचा तैलचित्रांचा क्लास लताबाईंनीच शोधून काढला. देवळाली कॅम्पात, आठवड्यातून तीन दुपारी, दोन ते पाच. त्या तीन दुपारी लताबाई घरात काहीही करत नसत. नुसत्या पडून राहत. एवढं सुख त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं.

तेजस्विनीचा नियम कडक होता. आधी जुन्या उस्तादाची हुबेहूब नक्कल, मग स्वतःचं डोकं. झुंबररावांच्या वाट्याला सतराव्या शतकातलं युरोपातलं एक बंदर आलं. डावीकडे खांबांचा महाल, मधोमध पाण्यावर टेकलेला सूर्य, उजवीकडे तीन डोलकाठ्यांचं जहाज आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर माणसं, गाठोडी.

"हे जहाज किती वेळ उभं आहे?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"साडेतीनशे वर्षं, काका."

"आणि पॅसेंजर नुसते बसलेत? चौकशीच्या खिडकीवर कोणी गेलं नाही?"

आभाळ आणि महाल त्यांनी छान रंगवले, कारण त्यांना कुठे जायचं नव्हतं. जहाज मात्र बघवेना. तैलरंग लवकर वाळत नाही, ओला असेपर्यंत सरकवता येतो, हे कळल्यावर तर हात शिवशिवू लागले. सोमवारी जहाज बोटभर पुढे गेलं. बुधवारी आणखी बोटभर.

"काका, जहाज हललं."

"हललं नाही, मॅडम. सोडलं."

तिसऱ्या आठवड्यात जहाजाचं नाक चौकटीबाहेर होतं आणि पायऱ्यांवरचे निम्मे प्रवासी पुसले गेले होते. ते आत बसले, असा खुलासा झाला. तेजस्विनीने लताबाईंना फोन केला.

"काकू, शनिवारी प्रदर्शन आहे. शुक्रवारी जहाज जागेवर आलं नाही तर काकांना क्लास सोडावा लागेल. त्यांचं बघून एकाने घोडा सरकवलाय."

शुक्रवारी दोनला लताबाई स्वतः क्लासात हजर झाल्या. भिंतीवर मूळ चित्राची छापील प्रत लावली होती आणि तिच्यासमोर झुंबरराव येरझाऱ्या घालत होते.

"आणा ते जहाज मागे."

"सुटलेली गाडी मागे? चौतीस वर्षांत कधी घेतली नाही."

लताबाईंनी प्रतीकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अहो, ही जाणारी गाडी आहेच कुठे? ही आत्ता आलीय. तो बघा ना, ट्रंक खाली घेतोय. आणि ही बाई बसलीय, हिला न्यायला अजून कोणी आलेलं दिसत नाही."

झुंबरराव थांबले. नाक प्रतीला लागेपर्यंत वाकले.

"उतरतायत होय! मग उतरेपर्यंत थांबायलाच पाहिजे. सांगायचं ना कोणीतरी."

तीन तास ते जागचे उठले नाहीत. जहाज मागे आलं, पुसलेले प्रवासी सामानासकट एकेक करून परतले. तेजस्विनीने दोन पावलं मागे जाऊन चित्र पाहिलं.

"काका, पास! कोर्स पूर्ण झाला तुमचा."

"पूर्ण?" लताबाई म्हणाल्या. "म्हणजे सोमवारी..."

"सोमवारपासून सुट्टी, काकू. पुढची बॅच जुलैत."

झुंबररावांनी घड्याळ पाहिलं. "पाच दहाची बस आहे. लता, चपला घाल. आणि उद्या सकाळी तुझी डब्यांची मांडणी बघतो, तिला काही क्रमच नाही."

ते जिना उतरू लागले. लताबाई चित्रापाशीच रेंगाळल्या.

"तेजस्विनी, हा रंग वाळायला किती दिवस लागतात गं?"

"जहाजाचा थर जाड आहे. पंधरा दिवस तरी. तोवर काही हललं तर काकांनाच परत येऊन नीट करावं लागेल," ब्रश धुवायला वळत ती म्हणाली.

लताबाईंनी जिन्याकडे एकदा पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि जहाज बोटभर पुढे लोटलं.