पहिल्या दातावरचा ठिपका

प्रेमलाबाईंनी वाकून ओंडक्याच्या कापावरून अंगठा फिरवला. वरची चार बोटे काप सरळ गेला होता; पुढे तो डावीकडे सरकत खाली उतरला होता.

"वाकडा आहे," त्या म्हणाल्या.

"मी तेच सांगतोय, आई." नीलेश बोईसरला कामावर जाण्याआधी वाणगावच्या वाडीत डोकावला होता. "ठेकेदाराची माणसं शनिवारी येतील. चार मशिनं, दोन दिवसांत सगळी छाटणी. देवूला आता घरी बसू दे."

देवू चेन-करवतीचे मशीन जमिनीवर ठेवून बाजूला उभा होता. गेली बारा वर्षे चिकूच्या जुन्या झाडांच्या जाड फांद्या तोच उतरवत असे. असा काप तिरका गेला, तर निखळणारी फांदी खोडाची साल सोलून नेते आणि झाड दोन पावसाळे काढत नाही. म्हणून प्रेमलाबाई प्रत्येक कापाजवळ स्वतः उभ्या राहत. चेन घासताना देवूचा जोर उजव्या बाजूच्या दातांवर अधिक पडतो आणि मग काप उजवीकडे ओढला जातो, हे त्यांनीच पहिल्या वर्षी हेरले होते. डाव्या दातांना कानशीचा एक हात जास्त द्यायचा, असा हुकूम तेव्हापासून होता.

या वर्षीच्या छाटणीतला हा पहिलाच काप, आणि तो डावीकडे गेला होता.

"चेन कुणी घासली?"

"मीच, बाय. दुसरा कोन घासनार?"

"मग आता घास. माझ्यासमोर."

"कानस घरी हाय."

"बारा वर्षांत तू कानस कधी घरी विसरला नाहीस."

नीलेशने खाली बसून चेनवर बोट ठेवले. "आणि हे काय? नेलपॉलिश?"

ज्या दातापासून घासायला सुरुवात करी त्यावर देवू चुन्याचा ठिपका देई, म्हणजे फेरा कुठे पुरा झाला ते कळे. त्या जागी लालभडक ठिपका होता.

डहाळ्यांची मोळी बांधत बसलेली नवसी, देवूची बायको, उठून आली.

"चुना तेलात पुसून जातो. नातीची बाटली हाय ती." तिने कमरेच्या ओच्यातून गोल कानस काढली, मशीन दोन्ही पायांत धरले आणि डाव्या हाताने पहिला दात घासायला घेतला. आतून बाहेर, दाताला तीन हात.

तीन-चार दात होईपर्यंत प्रेमलाबाई तिच्या डाव्या हाताकडे पाहत राहिल्या.

"केव्हापासून?" त्यांनी विचारले.

"होळीपासून. याला लांबचं समदं दिसतं. शेंड्यावरचं पाखरू दिसतं. हातातला दात नाय दिसत. चष्मा घे म्हटलं, तर म्हनतो, मी काय मास्तर हाय?"

"लय बोलते ही," देवू पुटपुटला.

नीलेश हसला. "छान! आई, आता तरी ऐकशील?"

प्रेमलाबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. "देवू, डोळ्यांचं मला सांगायचं होतंस. तू लपवलंस. लपवणारा माणूस मला वाडीत नको."

देवूने मान खाली घातली. नवसीचा हात थांबला नाही.

"तुमची सुई पन मीच ओवते ना, बाय," ती म्हणाली. "दुपारी, सूनबाई निजली की. आजवर कुनाला नाय सांगितलं."

नीलेशने आईकडे पाहिले. प्रेमलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"नीलेश, तुला उशीर होतो आहे."

"पण ठेकेदाराला काय सांगू?"

"त्याला मी बोलावलं नव्हतं."

नीलेशची मोटरसायकल वाडीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग नवसीच्या समोर, त्याच ओंडक्यावर बसल्या. मजुरांच्या समोर बसण्याची त्यांची पद्धत नव्हती.

"डाव्या दातांना एक हात जास्त देतेस का?"

"देते. हा म्हनाला, बायचा हुकूम हाय."

"तो हुकूम त्याच्या उजव्या हातासाठी होता. तू डावखुरी, तुझा जोर आधीच डाव्या दातांवर पडतो. त्यात माझ्या हुकमाचा हात आणखी वाढवलास. तू उजव्या दातांना जास्त दे."

नवसीने मान हलवली आणि लाल ठिपक्यापासून पुन्हा सुरुवात केली. फेरा पुरा झाल्यावर प्रेमलाबाई उठून बाजूला झाल्या; देवूने मशीन उचलले, ओंडक्याशी पाय रोवले. भुसा मोकळ्या, जाड कणांनी उडू लागला. तोडलेला तुकडा घरंगळत प्रेमलाबाईंच्या पायाशी आला.

देवूने मशीन बंद केले. "कसा हाय, बाय?"

प्रेमलाबाईंनी अंगठा कापापर्यंत नेला आणि मागे घेतला.

"नवसी," त्या म्हणाल्या, "इकडे ये. तू बघून सांग."