जळलेल्या बाजूला

"आग म्हणजे आग," डेलबर्ट योकम म्हणाला. "त्यात अजून काय असायचंय?"

"परीक्षेत असंच लिहिणार?" मिस प्रूएट हसली. ती त्याच्या मुलीच्या वयाची. "कादंबरीतली आग कशाचं प्रतीक आहे, ते सांगा, मिस्टर योकम."

प्रश्न चौथा. गुण वीस.

कॅन्सासच्या टेकड्यांवर दर एप्रिलला कुरणं जाळतात. डेलबर्ट तीस वर्षं त्या कामावर, बिनपगारी. आता काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्याच कामाची पगारी जागा निघाली होती, पण शाळा पास झाल्याचा दाखला हवा. म्हणून चौपन्नाव्या वर्षी हे वाचनालय, ही खुर्ची आणि शिकवायला मिस प्रूएट.

पहिला प्रयत्न: आग म्हणजे जुलूम. कादंबरीतलं सरकार लोकांच्या चुली विझवतं आणि गावं पेटवतं.

"छान."

दुसरा प्रयत्न: आग म्हणजे गवताचं औषध. दहा दिवसांत टेकडी हिरवी. वासरं खूश.

"कादंबरीत वासरं नाहीत."

"तिथंच तर लेखक चुकला."

तिसरा प्रयत्न: कोरा.

"शेवट सोपा आहे," ती म्हणाली. "नायिका, नेल, जळलेलं गाव मागे टाकून उंच गवतात पळते. काळी जमीन म्हणजे मरण, गवत म्हणजे स्वातंत्र्य. एवढं लिहिलंत की पास."

"वारा तिच्या पाठीमागून आहे."

"म्हणजे?"

"पान दोनशे अकरा. आग अजून धुमसतेय, वारा पाठीमागून, पुढे वाळलेलं गवत. मरणार पोरगी. जळलेल्यावर जायचं असतं, मिस प्रूएट. तिथं पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं."

"पुस्तक आहे हो ते."

"वेंडेललाही ओरडून सांगत होतो मी."

"वेंडेल कोण?"

"धाकटा भाऊ." त्याने पान उलटलं, मग परत उलटलं. "गवताकडे पळाला."

परीक्षेत त्याने सुबक अक्षरात लिहिलं: काळी जमीन हे मरणाचं प्रतीक आहे. गवत हे स्वातंत्र्याचं.

वाचलं. बरोबर होतं. पुन्हा वाचलं. कोण पळतंय, नेल की वेंडेल, तेच कळेना.

सात मिनिटं उरली होती. त्याने दोन्ही वाक्यांवर काट मारली आणि खाली लिहिलं: मागे फिर. जळलेल्या बाजूला ये.

हे उत्तर झालं की नाही, त्याला ठरवता येईना. वेळ संपली. कागद गोळा करत आलेल्या मिस प्रूएटने हात पुढे केला. कागदाचं एक टोक तिच्या हातात गेलं, तरी दुसरं त्याने बराच वेळ धरून ठेवलं.