तीन ओळींचा डॉक्टर

पाठीमागच्या नाड्या वांडाच्या बोटांतून तिसऱ्यांदा निसटल्या. अठरा वर्षं पोटविकारांच्या याच सेंटरमध्ये नर्स म्हणून तिने लोकांच्या पाठीवर हे निळे झगे बांधले होते, पण स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही हे तिला आज कळत होतं. शेवटी तिने नाद सोडला, झगा तसाच आवळून धरला आणि पडद्याआडच्या खाटेवर चढून बसली.

महिन्यापूर्वी तिला शौचात रक्त दिसलं होतं. थोडंसंच, पण तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले होते आणि त्यांचंही थोडंसंच म्हणून सुरू झालं होतं. काल संध्याकाळपासून तिने ते पोट साफ करायचं खारट औषध चार लिटर रिचवलं होतं. नाक दाबू नका, गार करून नळीने प्या, असं ती हजारो लोकांना सांगत आली होती. स्वतः मात्र ती नाक दाबूनच प्यायली.

आतड्याची दुर्बिणीची तपासणी कुणाकडून करून घेणार, हे विचारून सेंटरमधल्या सगळ्यांनी तिला भंडावून सोडलं होतं. तिने डॉक्टर विन्स्लोंचं नाव लावलं, आणि ते सगळ्यांना साहजिकच वाटलं. बाहेरच्या टेबलावर घडीचा एक कागद ठेवलेला असे, ‘आमचे पोटविकारतज्ज्ञ’. कोण कुठे शिकलं, कुणाच्या हाताखाली तयार झालं, सगळं त्यात. कालपासून उपाशी असलेले लोक दुसरं काही सुचत नाही म्हणून तोच वाचत बसत आणि त्यावरून डॉक्टर निवडत. विन्स्लोंची माहिती एक अख्खं पान भरून होती. डॉक्टर फेल्डस्टाइनबाईंचीही जवळजवळ तेवढीच. सगळ्यात खाली तीन ओळी होत्या, त्या डेल हुडाकच्या: सरकारी कॉलेज, सरकारी हॉस्पिटल, परीक्षा पास.

डेल पन्नाशीला टेकलेला, पण सेंटरमध्ये सर्वांत नवा. दोन वर्षं झाली तरी त्याचे निम्मे दिवस रिकामे जात. वसंतात त्याला भागीदार करून घ्यायचं की निरोप द्यायचा, हे ठरणार होतं. काय ठरणार, ते वांडाला दिसतच होतं.

त्या तीन ओळींच्या आधीची गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा सव्वीस वर्षांचा डेल नदीपलीकडच्या जुन्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून आला. वांडा तिथे मुख्य नर्स होती. भट्टीवरचे ते हात एवढे थोरले आणि गार, की म्हातारी माणसं दचकायची. तिने त्याला शिकवलं, आधी हात चोळून गरम करायचे, मग सांगायचं आणि मगच लावायचे. सहा वर्षं तो तिच्या हाताखाली होता. पुढे ते हॉस्पिटलच बंद झालं. दोन वर्षांपूर्वी इथे डॉक्टर होऊन आला, तेव्हा तिनेच त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, वॉर्डबॉय होतास हे कुठे लिहू नकोस, लोक पोट उघडं करायला कचरतील. त्याने मुकाट्याने मान डोलावली.

आणि तरीही आज तिने त्याचं नाव लावलं नव्हतं. ज्याला बेडपॅन धुवायला शिकवलं, ज्याच्यावर ओरडले, त्याच्यापुढे या अवस्थेत पाठ करून झोपायचं? विन्स्लो परके होते, त्यामुळे सोपे होते.

शेजारच्या पडद्याआड पावलं वाजली. मग तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज आला, तांदूळ पाखडल्यासारखा. वांडा हसली.

“मिसेस योस्ट, मी हुडाक. आता तुमच्या मनगटाला हात लावतो हं.”

तो बोलून गेला आणि तिकडची बाई लेकीपाशी कुजबुजू लागली. पडदा म्हणजे भिंत नव्हे, हे पेशंट लोक नेहमीच विसरतात. विन्स्लोंकडे जागा नाही म्हणून हा गळ्यात मारला, बाई म्हणत होत्या. कागदावर पाहिलंस ना? तीन ओळी. बदलून मागू, नाहीतर घरी जाऊ.

वांडाने दोन क्षण छताकडे पाहिलं.

“बाई, मी इथली नर्स,” ती पडद्याला म्हणाली. “अठरा वर्षं झाली. आज मीच पेशंट आहे.”

पलीकडची खाट करकरली.

“मग तुमची तपासणी कोण करतंय?”

“हुडाकच,” वांडा म्हणाली. “दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.”

बोलून झाल्यावर तिने हातातल्या संमतीपत्राकडे पाहिलं. त्यावर विन्स्लोंचं नाव छापलेलं होतं.

विन्स्लोंना बोलावून घ्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि अठरा वर्षांत तुम्ही माझ्याकडून पहिल्यांदाच काही मागताय, तेही मला वगळायला, असं म्हणून हसले. थोडे दुखावलेही असावेत. पण छापील नाव त्यांनीच खोडलं आणि पेन तिच्या हाती दिलं. वांडाने वर लिहिलं, डॉ. डेल हुडाक.

तपासणीच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर वळली. गुडघ्यांमध्ये उशी आली, बरोबर जिथे हवी तिथे. मागे झग्याच्या सुटलेल्या नाड्या कुणीतरी जुळवून नीट बांधल्या. मग तळहात घासल्याचा आवाज. तो बराच वेळ चालला होता.

“गरम झाले असतील आता,” ती म्हणाली.

“नाही अजून. तुम्हीच शिकवलंय.”

शिरेतलं गुंगीचं औषध वर चढत गेलं आणि पुढचं तिला काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा बहीण लुसिल खुर्चीत बसली होती, खारी बिस्किटं फोडून देत होती. डेल समोर उभा होता.

“काय सापडलं?” वांडाने विचारलं.

“एक गाठ होती, करवंदाएवढी. मुळापासून काढली. दिसायला साधी आहे. प्रयोगशाळेचा निकाल शुक्रवारी येईल, पण मला काळजी वाटत नाही.”

तिने डोळे मिटले. पापण्यांच्या कडेने पाणी आलं, ते तिने झग्याच्या बाहीने टिपलं.

“चौथ्यांदा विचारते आहेस,” लुसिल म्हणाली. “आणि दर वेळी तो पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतो.”

“आणि ती सहा वर्षं,” वांडा डेलला म्हणाली. जीभ अजून जड होती. “ती लिही आता. मी चुकले होते.”

“तेही झालंय सांगून,” डेल म्हणाला. “झोपेत, दोनदा.”

शुक्रवारी निकाल साधा आला. सोमवारी वांडा कामावर आली, तेव्हा टेबलावर नव्या कागदांचा गठ्ठा घड्या घालायचा पडला होता. तिने उभ्यानेच एक उचलला. सगळ्यात खाली आता चार ओळी होत्या. ‘प्रशिक्षण’ या शब्दापुढे कॉलेजच्याही आधी लिहिलं होतं, सहा वर्षं वॉर्डबॉय, वांडा कोवाल्चिक यांच्या हाताखाली.

“लोक विचारतील ना, या कोण म्हणून,” टेबलावरची मुलगी म्हणाली.

वांडाने खुर्ची ओढली. ती बसली, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि पहिल्या कागदाची घडी घालायला घेतली.