आठ वेळा 'गुलाबी'

पशुरुग्णालयाचा अहवाल म्हणतो : 'प्रत्यारोपित त्वचेची सकाळी नऊ ते दुपारी चार दर तासाला तपासणी करण्यात आली. रंग गुलाबी, स्पर्श उबदार.' आठ नोंदी, एकच शाई, एकच वळण. त्वचेचे आरोग्य इतके एकसुरी असते, हे शास्त्राला नवीनच!

ठमी ही सुतारकाकांची कुत्री. चाकाखाली तिच्या पुढच्या पायाची कातडी सोलून निघाली होती. सर्जनांनी सहा तास सूक्ष्मदर्शकाखाली बसून पाठीवरची कातडी पायावर बसवली. केसाहून बारीक दोऱ्याने धमनीला धमनी, शिरेला शीर जोडली. कौशल्य निर्विवाद. परंतु जोडलेली शीर तुंबू शकते. कातडी जांभळी पडताच दिसली, तरच वाचते. त्यासाठी बँडेजला पट्टीने झाकलेली, हवी तेव्हा उघडता येणारी खिडकी ठेवतात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, शेवटच्या 'गुलाबी' नोंदीनंतर तासाभराने, संध्याकाळी पाच वाजता बँडेज काढले, तर कातडी काळी निघाली. पाय कापावा लागला.

"नशीब," चौकशीत सर्जन म्हणाले. "नोंदी बघा ना."

ड्रेसिंगच्या मावशींनी उतरवलेले बँडेज टेबलावर ठेवले. "कागद काय, गरीब गाय! सकाळी साडेआठला खिडकीवर चिकटपट्टी मी लावली. माझ्या बोटाचं आयोडीन पट्टीवरून बँडेजवर ओघळलंय. डाग कुठं तुटलाय, दाखवा. पट्टी उघडलीच नाही कुणी."

"आता तुम्ही सर्जरी शिकवणार, मावशी?"

"नाही बाबा. नुसतं उघडून बघायला शिकवते."

सुतारकाका पुढे झाले. "सरस लावून लाकूड चिकटवल्यावर मीही सांधा उघडून बघत नाही, डॉक्टर. पण लाकूड कण्हत नाही. ही दोन वाजता कण्हत होती. मी बाकावरून उठून सांगायला आलो. तुम्ही म्हणालात, 'काका, जखम आहे, कण्हणारच.'"

दाराशी ठमी तीन पायांवर तोल सावरत होती. सर्जनांचा आवाज ओळखून ती शेपूट हलवू लागली!

नागरिकहो, पूल, जत्रेतले पाळणे, शाळांच्या गाड्या, सारे आपण असेच कागदावर तपासतो. न पाहता केलेली नोंद ही चूक नव्हे. ती खोटी साक्ष आहे.

सर्जनांनी अहवाल ओढून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिले :

"आठही रकाने मी नऊ वाजताच भरले. टाके माझे होते, म्हणून पाहण्याची गरज वाटली नाही. दोन वाजता कुत्री कण्हत होती. मला ऐकू आले होते."