बिनलाटेची जोडी

बालीत वाद्यं जोडीनंच जन्माला येतात, आणि जोडीतल्या एकाचा सूर दुसऱ्याहून केसभर चढा ठेवतात. एकत्र वाजवली की काशाच्या पट्ट्यांचे दोन आवाज कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी गिळून टाकतात, आणि सूर लाटेसारखा हलत राहतो. ती लाट नसली तर देव देवळात उतरत नाहीत म्हणे.

पांदे म्हणजे पिढीजात वाद्यं घडवणारे लोहार, पण पांदे सुदिर्ताला ती लाट कित्येक वर्षांत ऐकू आली नव्हती. भट्टीपाशी घण घालून घालून कान गेले होते. बोलणं कळे, बारीक थरथर कळत नसे. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, रासमिनला. तो पट्टीवर कानस चालवायचा; ती शेजारी नैवेद्याच्या परड्या विणता विणता सांगायची, "अजून थोडं... बस." नाव व्हायचं सुदिर्ताच्या कानाचं.

देवळाची जुनी जोडी सुरात लावायला आली, तेव्हा वस्तीचा प्रमुख मुद्रा कॉफी पिता पिता सहज म्हणाला, "वहिनींचीही मदत होत असेल की."

"हिची?" सुदिर्ता खदखदून हसला. "अरे, भाताचं पातेलं कुठलं आणि घंटा कुठली, एवढं हिला कळलं तरी मिळवली!"

रासमिननं मुद्राच्या कपात साखर घातली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर "बस" म्हणालीच नाही. दोन्ही सूर तंतोतंत एक होऊन मढ्यासारखे सपाट पडले, तेव्हा म्हणाली.

"आली का गं लाट?"

"आली की. झकास."

उत्सवात जोडी वाजली आणि देवळाचं अंगण चिडीचूप झालं. सुदिर्ता तेवढा मांडीवर ठेका धरून प्रसन्न.

"पांदे, लाट कुठंय?" मुद्रानं विचारलं.

सुदिर्तानं रासमिनकडे पाहिलं. त्याला कळलं. ती वाट पाहत होती: तिच्याकडे बोट दाखवायचं, तर आपण बहिरे आहोत हे आधी सांगावं लागणार.

त्यानं डोक्याचा रुमाल सारखा केला. "नवी पद्धत आहे. स्वच्छ सूर. ती थरथर म्हाताऱ्यांना शोभते."

मुद्रानं डोळे मिटून पुन्हा ऐकलं. चारचौघांत म्हातारं कुणाला व्हायचं असतं?

"हं," तो म्हणाला. "स्वच्छ आहे खरं."

मग शेजारची गावंही आपापल्या जोड्या तशाच स्वच्छ करून घ्यायला आली. सूर जुळले की नाही, ते आता फोनमधलं सूर मोजणारं अ‍ॅप सांगतं. शेजारी बसायला रासमिन लागत नाही.

संध्याकाळी दरीतल्या देवळादेवळांतून सपाट सूर येऊ लागले, की तिचा हात परडीवरच थांबतो.

"ऐकतेस ना?" सुदिर्ता छाती काढून विचारतो. "कसं वाटतं?"

"झकास," ती म्हणते.