सात पौंड दोन औंसांचा उमेदवार

मी एक जुना वजनकाटा आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला हॅलरविक हे आमचं मासेमारीचं बंदर. मासळी तोलणारे काटे इथल्या धक्क्यावर पुष्कळ, पण मी त्यांच्यातला नव्हे, मित्रांनो. माझ्या तबकात नुकती जन्मलेली बाळं निजत असत.

माझी दांडी पितळेची आणि तबकावर पांढरा मुलामा. मला विकत घेतलं ते इथल्या कोळणींनी. एक अख्खा हिवाळा त्यांनी लोकरीचे मोजे विणून विकले आणि आलेल्या पैशांतून गावच्या इस्पितळाला मला भेट दिलं.

विल्मा स्वॉन्सन सुईण म्हणून आली तेव्हा बावीस वर्षांची होती. बाळाला गारठा लागू नये म्हणून ती आधी माझ्या तबकात गरम केलेला पंचा अंथरायची. मग दांडीवरचं वजन एका बोटानं हळूच सरकवून आकडा मोठ्यानं सांगायची. बाप मंडळी दाराशी टोप्या चुरगाळत उभी असत. "एवढाच? याहून मोठा हॅडॉक मासा मी काल पाण्यात परत सोडला," असं एक जण म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोनं पलंगावरून त्याला उशी फेकून मारली होती. हजारांवर बाळं मी तोलली. कुणी भोकाड पसरायचं, कुणी शांतपणे दिव्याकडे बघत राहायचं. विल्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "हा काटा कधी खोटं बोलत नाही." त्या कौतुकानं माझं पितळ अधिकच चमकायचं.

पुढे विजेवरचे काटे आले आणि मी कपाटावर गेलो. धूळ बसली, मुलामा दोन ठिकाणी उडाला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खाली बाळं रडत होती तोवर माझी तक्रार नव्हती.

मग एके वर्षी बाळंतपणाचा वॉर्डच बंद झाला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इथे टिकत नाहीत आणि त्यांच्याशिवाय बाळंतपण करणं धोक्याचं, असं कारण दिलं गेलं. हॅलरविकच्या बायकांनी आता दक्षिणेला शंभर मैलांवर जायचं होतं. वॉर्ड रिकामा करताना मला भंगाराच्या ढिगात टाकलं. विल्मा तेव्हा निवृत्त झाली होती. तिनं मला त्या ढिगातून उचललं आणि आपल्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांशेजारी आणून ठेवलं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, कर्स्टन ओग नावाच्या तरुणीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. बर्फामुळे दक्षिणेच्या रस्त्यावरचं घाटाचं फाटक बंद होतं. रस्त्याच्या कडेला, रुग्णवाहिकेतच तिची मुलगी जन्मली. आईचं रक्त थांबेना आणि बाळ निळं पडत चाललेलं. दोघी वाचल्या, पण लेक अकरा दिवस काचेच्या पेटीत होती.

महिन्याभरानं कर्स्टन बाळाला घेऊन विल्माकडे आली. विल्मानं चहा पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"मला रडायचं नाहीये, विल्मा. कुणाकडे जायचं तेवढं सांग."

"कुठे जायची गरज नाही," विल्मा म्हणाली. "मे महिन्यात निवडणूक आहे. तेच येतील आपल्याकडे."

आमच्याकडे आरोग्य, शाळा, रस्ते यांचा कारभार लंडन नव्हे, एडिनबरातली स्कॉटलंडची संसद बघते. त्या संसदेच्या निवडणुकीसाठी चार पक्षांचे चार उमेदवार गावच्या सभागृहात एकाच मंचावर बसले. विल्मा पहिल्या रांगेत होती आणि मी तिच्या मांडीवर.

तासभर वाद झडला. आमच्या तेव्हाच्या प्रतिनिधी, सत्ताधारी पक्षाच्या रोना बज यांना दक्षिणेचा रस्ता रुंद करायचा होता. विरोधी पक्षाचा मॅग्नस टेट म्हणाला, नवी घरं बांधू, शाळेला छप्पर घालू आणि गावच्या जुन्या किल्ल्यापाशी पर्यटकांसाठी भव्य इमारत उभारू. तिसऱ्याला कर कमी करायचे होते, चौथीला थंडीत घरं उबदार राहावीत म्हणून पैसे द्यायचे होते. पैसा कमी पडतो तो एडिनबरामुळे की लंडनमुळे, यावरून दोनदा आवाज चढले. आरोग्य हे आमचं पहिलं प्राधान्य, असं मात्र चौघांनीही सांगितलं.

प्रश्नांची वेळ आली. विल्मा उठली आणि तिनं मला मंचावरच्या टेबलावर ठेवलं.

"चौघांनी मिळून नऊ गोष्टी पहिल्या नंबरवर ठेवल्यात," ती म्हणाली. "माझा एकच प्रश्न आहे. इथे बाळंतपणं पुन्हा व्हायची, तर तुमच्या यादीतलं काय मागे ठेवाल?"

मॅग्नस हसत उभा राहिला. "मिसेस स्वॉन्सन, आमच्या पक्षाला काहीही मागे ठेवायची गरज..."

"मॅग्नस, तुला मी याच काट्यावर तोललंय. सात पौंड दोन औंस. तेव्हाही तू मुद्द्याचं काही न बोलता नुसता ओरडत होतास."

सभागृह हसून हसून लोळलं. विल्मा हसली नाही. हशा ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. शेवटी मॅग्नस कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "किल्ल्याची इमारत. ती मागे ठेवीन."

तिसरा म्हणाला, पक्षाला विचारून सांगतो. चौथी म्हणाली, अभ्यास करावा लागेल. रोना बज यांनी आपल्या हिशेबाचे कागद पुढे ओढले.

"सगळं उघडू असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "वर्षाला दहा शस्त्रक्रिया करून डॉक्टरचा हात तयार राहत नाही. अवघड बाळंतपणं दक्षिणेलाच जातील. साध्या बाळंतपणांसाठी सुईणींचा वॉर्ड मात्र चालू शकतो. त्यासाठी रस्त्याचं रुंदीकरण मी दोन वर्षं थांबवीन."

मागच्या रांगांत ट्रकवाले बसले होते. ते कुरकुरत उठून गेले. रोना तीनशे बारा मतांनी हरल्या. मॅग्नस निवडून आला.

मित्रांनो, पुढचं सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दर सोमवारी सकाळी नऊला विल्मा मॅग्नसच्या कचेरीत फोन लावायची.

"मॅग्नस, किल्ल्यापाशी खोदकाम सुरू झालंय म्हणे."

"ते नुसतं मातीचं परीक्षण आहे, मिसेस स्वॉन्सन."

"बरं. पुढच्या सोमवारी मातीचं काय झालं ते विचारते."

अकरा महिने एकही सोमवार चुकला नाही. इकडे कर्स्टन बाळाला पाठीशी बांधून दारोदार सह्या गोळा करत होती. गाडीत, वाटेत, फाटकापाशी बाळंत झालेल्या बायकांची नावं तिनं तारखांसकट लिहून काढली. शेवटी संसदेच्या समितीनं बोलावणं धाडलं. मीही एडिनबराला गेलो, गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून.

समितीपुढे विल्माच्या शेजारच्या खुर्चीवर रोना बज येऊन बसल्या. समोर त्यांच्याच पक्षाचा मंत्री होता. पद गेलं होतं, पण ते हिशेबाचे कागद त्यांनी जपून ठेवले होते; किती सुईणी लागतील, किती खर्च येईल, सगळं त्यांनी शांतपणे मांडलं. पुढे संसदेच्या सभागृहात पुन्हा पक्षापक्षांत जुंपली. कुणाला शहरातली इस्पितळं आधी हवी होती, कुणाला शाळा. तेव्हा मॅग्नस उठला. माझ्या गावची किल्ल्याची इमारत मागे ठेवा आणि ते पैसे इकडे वळवा, असं तो एका दमात बोलून गेला. गावातल्या हॉटेलवाल्यांनी त्याबद्दल त्याला वर्षभर शिव्या घातल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या.

मागितलं तेवढं मिळालं नाही. साध्या बाळंतपणांसाठी सुईणींचा वॉर्ड उघडला, तोही तीन वर्षांच्या बोलीवर. अवघड बाळंतपणं अजून दक्षिणेला जातात. त्या बायकांना दिवस भरण्याआधी तिथे राहायला खोली मिळते. वॉर्डात बाळं तोलायला विजेचा काटा आहे आणि तोच योग्य आहे. मी विल्माच्या खिडकीत असतो. तिला आता ऐकू कमी येतं. म्हणून सोमवारचा फोन कर्स्टन करते, कारण अजून दोन सुईणी कमी आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असं मला सांगायचं आहेच. पण त्या वस्तू ज्या कामासाठी घडल्या, ते काम आधी सांभाळा. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या दाराशी कुणी मत मागायला येईल. काय देणार, ते विचाराच. पण त्यासाठी काय मागे ठेवणार, तेही विचारा. आणि उत्तर मिळालं म्हणून निश्चिंत होऊ नका. सोमवारी फोन करा.