एकशे चौदा होकार

काकासाहेब गुरुजींनी उभ्या आयुष्यात भाजीवालीशी कधी घासाघीस केली नव्हती. भीड आड यायची. अशा माणसाला त्याच्या मुलीने कर्जतच्या आठवडे बाजारात लोकांची मतं विचारायला पाठवलं.

पंकजाने गारपेटी तयार केली होती. दुहेरी भिंतींची पेटी, मधे ओली वाळू. विजेशिवाय कोथिंबीर तीन दिवस टवटवीत राहायची. पुण्यातली नोकरी सोडून ती याच पेट्यांचा धंदा उभारणार होती. पण कुणाला पेटीची खरंच गरज आहे का, हे आधी पडताळायचं होतं.

"अप्पा, 'घ्याल का' असं विचारायचं नाही," तिने बजावलं होतं. "मागच्या बाजारी उरलेल्या भाजीचं काय केलं, एवढंच विचारा. आणि गप्प बसून ऐका."

पण कुणाच्या उरल्यासुरल्याची चौकशी करायची गुरुजींना लाज वाटली. ते पेटीचं चित्र पुढे करत आणि अजीजीने विचारत, "घ्याल ना?" अर्ध्या बाजाराला त्यांनी बाराखडी शिकवलेली. कुणी बसायला पोतं दिलं, कुणी पाणी. "गुर्जी, पंकाताईनं केलंय म्हंजे घेनारच की!"

फक्त बायडाबाई हसली. "उरतंय कुठं, गुर्जी? दिवस कलला की मोठं वाटं करून देऊन टाकतो. वीटभट्टीवरच्या बाया त्याच्यासाठीच थांबत्यात. पेटी घिऊन काय करू? तिच्यात मी बसू?"

गुरुजींनी तिचं म्हणणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं. घरी आल्यावर मात्र तो कागद एका जाड पुस्तकात सारला. एकशे चौदा होकारांत हा एक नकार कशाला, पोर उगाच खट्टू होईल.

त्या होकारांवर पंकजाने राजीनामा दिला. केडगावात गाळा घेतला, दोनशे पेट्या बनवल्या.

वर्षात नऊ खपल्या, त्याही गुरुजींच्या भिडेने. एकीत शेजारच्या लंकाबाईची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

गाळा रिकामा केला त्या संध्याकाळी गुरुजींनी पुस्तकातला कागद मुलीपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"अप्पा, मला हाच एक कागद हवा होता."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. एक दिवस." तिने कागदावरून नजर उचलली. "आणि तुम्हाला काय वाटत होतं? चालेल पेटी?"

गुरुजी चष्म्याची काडी चाचपत राहिले. "मला त्यातलं काय कळतं?"

"सगळ्यात आधी मी तुम्हालाच विचारलं होतं. छान आहे म्हणालात."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी करून आपल्या वहीत ठेवली आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली.

आता दिवाळी उलटली आहे. पंकजाच्या डोक्यात नवीन काहीतरी घोळतंय. ओट्यावर बसून ती तासन् तास फोनवर अनोळखी माणसांना प्रश्न विचारत असते. गुरुजी आत पुस्तक उघडून बसतात. पान उलटत नाही. या वेळी तिने विचारलं, तर मनातलं खरं ते सांगायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलंय.

ती दोन कप चहा घेऊन येते. ते मान वर करतात.

"बरा झालाय का?" ती विचारते.

"छान आहे," पहिला घोट घेऊन ते म्हणतात.

पंकजा आपला कप तोंडाला लावते, त्यांच्याकडे पाहते आणि साखरेचा डबा आणायला उठते.